चाहता : ग्राहक की सभासद?

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या वाकडच्या पुलापाशी तासभर खोळंबून राहतात. सोमवारी सकाळी त्या गाड्यांतून चालणारी चर्चा पुष्कळदा संगणकाविषयी नसते. ती मँचेस्टर युनायटेडविषयी असते. अमुक खेळाडूला बाहेर का बसवले, नव्या प्रशिक्षकाला अजून एक हंगाम द्यावा की नाही, क्लबच्या स्वतःच्या तालमीत तयार झालेली पोरे सोडून कोट्यवधी पौंडांचे पाहुणे का आणले जातात, ह्यांवर अटीतटीने वाद होतात. एका मुद्द्यावर मात्र वाद होत नाही. क्लबच्या मालकांनी निघून जावे, हे सर्वांना मान्य असते.

ह्या चर्चेकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली चेष्टेची. ज्या शहरात कधी पाऊल टाकले नाही, तिथल्या संघासाठी रात्री दीड वाजेपर्यंत जागणारा, काही हजार रुपयांचा लाल सदरा हप्त्याने घेणारा आणि पराभवानंतर दोन दिवस तोंड पाडून बसणारा हा तरुण वडीलधाऱ्यांना वेडगळ वाटतो. दुसरी रीत देशाभिमानाची. परक्यांच्या खेळात जीव गुंतवण्यापेक्षा ह्यांनी आपल्या मातीकडे पाहावे, असा तो उपदेश असतो. दोन्ही रीतींत एक गोष्ट सारखी आहे : चाहता काय म्हणतो ते कोणीच ऐकून घेत नाही. ऐकले तर ध्यानात येईल की त्याच्या मतांमध्ये खेळाच्या जोडीला मालकीच्या प्रश्नाची एक धारदार, जवळजवळ आरोपपत्रासारखी मांडणी आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षभर शिकवूनही जी विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, ती ह्या तरुणाने केवळ प्रेमापोटी आत्मसात केली आहे.

चाहत्याचे आरोपपत्र

ते आरोपपत्र थोडक्यात असे. मँचेस्टर युनायटेड हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी काढला. सव्वाशे वर्षांत तो जगातील सर्वांत धनाढ्य क्लबांपैकी एक झाला, आणि २००५ पर्यंत त्याच्या डोक्यावर म्हणण्यासारखे कर्ज नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. ह्या रकमेपैकी ५० कोटींहून अधिक पौंड उसने आणलेले होते, आणि त्या कर्जाचा मोठा भार विकत घेतलेल्या क्लबवरच टाकण्यात आला. सावकाराने शेतकऱ्याची जमीन विकत घ्यावी, किमतीचा मोठा भाग उसनवार आणावा, तारण म्हणून तीच जमीन लिहून द्यावी आणि हप्ते त्याच जमिनीच्या पिकातून फेडावेत, असा हा व्यवहार होता. मराठवाड्यातल्या कोणत्याही कुळाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

त्यानंतरच्या वीस वर्षांत व्याज, कर्जाचा खर्च आणि लाभांश मिळून क्लबमधून बाहेर गेलेली रक्कम शंभर कोटी पौंडांच्या घरात भरते. ती ना मैदानाच्या गळक्या छपरावर खर्च झाली, ना खेळाडूंवर. २०१० मध्ये मँचेस्टरच्या चाहत्यांनी लाल रंग बाजूला ठेवून न्यूटन हीथच्या जुन्या संघाचे हिरवे-सोनेरी पट्टे गळ्यात घातले. २ मे २०२१ रोजी त्यांनी मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामना होऊ दिला नाही. मालक हलले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ ह्या ब्रिटिश उद्योगपतीने चौथाईहून थोडा अधिक हिस्सा घेतला आणि कारभार हाती घेतला. त्याच वर्षी सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांना घरी पाठवले गेले, आणि हंगामाच्या मध्यावर उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड करण्यात आला, मुलांना आणि वृद्धांना मिळणारी सवलतही न ठेवता. २०२४–२५ च्या हंगामात संघ वीस संघांच्या साखळीत पंधरावा आला.

हिंजवडीचा चाहता हे सारे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो. हा अन्याय आहे हेही तो ओळखतो. त्याला उमगत नाही ती एकच गोष्ट : इतका उघड अन्याय वीस वर्षे टिकतो कसा?

त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या निष्ठेत आहे. अल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक लहानसे पुस्तक लिहून असे दाखवून दिले की कोणत्याही संस्थेचा दर्जा घसरू लागला म्हणजे माणसापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा बाहेर पडण्याची वाट रोखून धरते आणि आवाज उठवण्यास वेळ देते. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसरा घेते. दुकानदाराला त्याचीच भीती असते. पण युनायटेड हरतो म्हणून त्याचा चाहता लिव्हरपूलकडे जात नाही. उलट पराभवाच्या काळात संघ सोडणाऱ्याला तो कमअस्सल समजतो. मालकाला ह्याहून सोयीचे गिऱ्हाईक कोणते? माल नासका असला तरी ते दुकान बदलत नाही, भाव चढवला तरी ते रांगेत उभे राहते, आणि आपल्या नाइलाजालाच ते अभिमानाने निष्ठा म्हणते. बाहेर पडण्याची वाट अशी बंद झाल्यावर आवाजाचाच काय तो आधार उरतो. आणि आवाजामागे मताचा अधिकार नसला की त्याचा नुसता गलका होतो.

पुण्याचा मालक, ब्लॅकबर्नचा क्लब

मालक परका असल्यामुळे असे झाले, असे कोणी म्हणेल. ह्या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या एका माजी विजेत्या क्लबची मालकी पुण्यातच आहे.

लँकेशायरमधील ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. हिंदुस्थानच्या बाजारावर ह्या टापूची समृद्धी उभी होती, आणि स्वदेशीच्या चळवळीने तिला धक्का दिला होता. गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात शेजारच्या डार्वेनला मुद्दाम गेले. ज्यांच्या हातचे काम बहिष्काराने कमी झाले, त्याच गिरणी कामगारांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. फुटबॉलच्या इतिहासातही ह्या गावाचे स्थान आगळे आहे. एफ. ए. चषक तोवर सरदार-सावकारांच्या शाळांतून निघालेल्या संघांची मिरास होती. १८८३ च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक ह्या संघाने ओल्ड इटोनियन्सचा पराभव केला. त्या संघात विणकर होते, सूतगिरणीतला कामगार होता, नळ जोडणारा होता. कष्टकऱ्यांच्या संघाने चषक जिंकण्याचा तो पहिला प्रसंग. पुढच्या तिन्ही वर्षी तो चषक त्याच गावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने जिंकला. १८८८ मध्ये जी साखळी स्पर्धा सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांत रोव्हर्स होता.

गिरण्या बंद पडल्या, क्लब राहिला. गावातल्याच जॅक वॉकर ह्या पोलादाच्या व्यापाऱ्याने १९९० च्या दशकात त्यात आपली संपत्ती ओतली आणि १९९५ मध्ये रोव्हर्सने इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. २००० मध्ये वॉकर वारले. त्यांच्या पश्चात क्लब सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी तो नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २.३ कोटी पौंडांना विकला. घेणारी कंपनी होती पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाची ‘व्यंकीज’, जिची अंडी आणि कोंबड्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या आहेत.

पुढे जे घडले ते सार्वजनिक नोंदीतले आहे. महिना उलटण्याच्या आत अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस ह्यांना काढले गेले. मे २०१२ मध्ये रोव्हर्स अव्वल श्रेणीतून घसरला. त्या निर्णायक सामन्यात चाहत्यांनी क्लबचे निशाण पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. २०१२–१३ ह्या एकाच हंगामात तीन पूर्णवेळ प्रशिक्षक आले-गेले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला, एका वर्षाने दुसरीत परतला, आणि त्यानंतर अव्वल श्रेणीची वाट पाहत राहिला. २०२५ च्या मे महिन्यात क्लबने आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेतून काढून घेतला.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्यंकीजने ग्लेझरांप्रमाणे क्लबमधून पैसा ओढून नेला नाही. वर्षानुवर्षे तूट भरून काढण्यासाठी आपल्या खिशातून कोट्यवधी पौंड घातले. पण ह्या दातृत्वातही चाहत्यांची असहायता तशीच राहिली, किंबहुना अधिक स्पष्ट झाली. भारतातील सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे क्लबसाठी पैसे पाठवण्याकरता २०२३ आणि २०२४ मध्ये मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. ब्लॅकबर्नमधल्या निवृत्त विणकराच्या नातवाला आपला संघ यंदा खेळाडू घेऊ शकेल की नाही हे कळण्यासाठी दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखेकडे डोळे लावून बसावे लागले! क्लबच्या मैदानापासून सात हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या एका कार्यालयात जे ठरते त्यात त्या गावाचे मत विचारण्याची कोणतीही तरतूद नव्हती.

म्हणजे मालक फ्लोरिडाचा असो की पुण्याचा, क्लबमधून घेणारा असो की क्लबला देणारा, चाहत्याची अवस्था एकच राहते. हा दोष कोणा कुटुंबाच्या स्वभावाचा नव्हे. ज्या वस्तूला एक संपूर्ण गाव आपली म्हणते, ती कायद्याच्या दृष्टीने कोणा एकाची खासगी मालमत्ता असते, ह्या विसंगतीचा तो दोष आहे. आणि गंमत अशी की ग्लेझरांवर तासभर बोलणारा हिंजवडीचा चाहता ब्लॅकबर्नविषयी क्वचितच बोलतो. लँकेशायरचा चाहता ज्या शहराकडे बोट दाखवतो, ते आपले शहर आहे, हे त्याच्या गावीही नसते.

बालेवाडीचे ओस मैदान

दुसरी गोष्ट तर त्याच्या कचेरीपासून काही किलोमीटरांवरच घडली.

महामार्गाच्या अलीकडे, बालेवाडीत, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारी पैशाने उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. २००७ मध्ये एका उद्योगसमूहाने पुणे एफ. सी. हा व्यावसायिक संघ काढला. तो केवळ नावापुरता नव्हता : २०१२–१३ मध्ये तो देशाच्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०११ च्या ऑक्टोबरात खुद्द ब्लॅकबर्न रोव्हर्सचा संघ पुण्यात येऊन त्याच्याशी खेळून गेला. पुण्यात फुटबॉलला घरचा प्रेक्षक मिळू लागला होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफ. सी. पुणे सिटी हा नवा संघ अवतरला; त्याच सुमारास आणखी एका उद्योगसमूहाचा भारत एफ. सी. उभा राहिला, मागोमाग बांधकाम व्यवसायातील एका समूहाचा डी. एस. के. शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दाखल झाला. एका शहराचे चार संघ!

मग ओहोटी लागली. २०१५ मध्ये पुणे एफ. सी. आणि भारत एफ. सी. दोन्ही बंद पडले. भारत एफ. सी. तर एकच हंगाम खेळला. २०१७ मध्ये शिवाजीयन्स आय-लीगमधून गेला. एफ. सी. पुणे सिटी २०१७–१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला, आणि त्यानंतर वर्षभरातच मालकांच्या आर्थिक अडचणींत बुडाला. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. अवघ्या चार वर्षांत चार संघ नाहीसे झाले.

मैदानावरच्या पराभवाने ह्यांतला एकही संघ संपला नाही. प्रत्येक संघ मालकाच्या ताळेबंदात संपला. घरे बांधणाऱ्याची घरे खपेनाशी झाली, वित्तव्यवसायातल्या माणसाचे कर्ज थकले, उद्योगपतीचा उत्साह ओसरला, की संघाचा दिवा मालवतो. त्या संघांमागे धावणाऱ्या पोरांना, नारिंगी सदरे घालून पायऱ्यांवर ढोल बडवणाऱ्यांना, अकादमीत घर सोडून राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांना कोणी विचारले नाही. आणि शहरात त्याबद्दल मोर्चाही निघाला नाही. ज्या संघाचा चाहता नुसता प्रेक्षक असतो, त्या संघाचा मृत्यूही तो प्रेक्षक म्हणूनच पाहतो.

राष्ट्रीय पातळीवरही चित्र ह्याहून निराळे नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धा चालवणारी खासगी कंपनी ह्यांच्यातला करार संपत आला, तेव्हा २०२५–२६ चा सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. कराराच्या एका बाजूला महासंघ होता, दुसऱ्या बाजूला भांडवल होते. चाहत्याला तिसऱ्या बाजूची खुर्ची कोणी ठेवली नव्हती.

सभासदाचा अनुभव

ह्यावर व्यवहारी माणूस विचारील : मग क्लब चाहत्यांच्या हाती देऊन तो चालेल का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार?

बार्सिलोना हा क्लब कोणा धनिकाचा नाही. त्याचे लाखाहून अधिक सभासद आहेत. अध्यक्ष ते मताने निवडतात. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याची रचना ह्याहून फारशी वेगळी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रवरेच्या काठी जे उभे केले, त्याचे तत्त्व हेच होते : भाग कितीही असोत, सभासदाला मत एक. पुढे त्या चळवळीचे काय झाले हेही महाराष्ट्राने पाहिले. सभासद सभेला येईनासा झाला, कारखाना अध्यक्षाच्या घराण्याचा झाला, कर्जाचा डोंगर वाढला आणि कित्येक कारखाने कवडीमोलाने खासगी हातांत गेले. बार्सिलोनाच्या अंगणातही हेच पीक आले. निवडून येण्यासाठी अध्यक्षांनी भारी किमतीचे खेळाडू आणले, ताकदीबाहेर पगार दिले. २०२१ मध्ये क्लबवर १३५ कोटी युरोंचे देणे असल्याचे जाहीर झाले. बालपणापासून तिथे वाढलेल्या मेस्सीला त्या ऑगस्टमध्ये डोळे पुसत निरोप घ्यावा लागला. पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीच्या हक्कांचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकून रोकड उभी करावी लागली. म्हणजे सभासदत्व हा शहाणपणाचा ताम्रपट नव्हे.

परंतु ह्याच कथेचा दुसरा अर्धा भाग पाहिला पाहिजे. २०२० मध्ये वीस हजारांहून अधिक सभासदांनी अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाच्या मागणीवर सह्या केल्या. मतदानाला सामोरे जाण्यापूर्वीच अध्यक्ष बार्तोमेउ ह्यांनी राजीनामा दिला आणि मार्च २०२१ मध्ये सभासदांनी नवा अध्यक्ष निवडला. बार्सिलोनाच्या सभासदाने काही महिन्यांत जे केले, ते मँचेस्टरच्या चाहत्याला वीस वर्षे गळा फोडून करता आले नाही. लोकशाहीत चुका होतच नाहीत असे कोणी म्हणत नाही. चूक करणाऱ्याला घरी पाठवण्याचा मार्ग तिथे खुला असतो, एवढाच तिचा दावा आहे, आणि तो दावा लहान नाही.

जर्मनीने ह्या दोहोंमधली वाट काढली. १९९८ पासून तिथला नियम असा आहे की क्लबच्या कंपनीत भांडवल कोणाचेही असो, मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग ह्यांसारखे अपवाद जुन्या कारखान्यांशी जोडलेले आहेत. ह्या नियमाचे फळ एप्रिल २०२१ मध्ये दिसले. युरोपातील बारा बड्या क्लबांनी आपलीच एक बंदिस्त स्पर्धा जाहीर केली, जिच्यातून कायम सदस्य कधीही बाहेर पडणार नाहीत. त्या बारांत इंग्लंडचे सहा होते. जर्मनीचा एकही नव्हता. २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मन साखळीच्या चालकांनी माध्यमहक्कांच्या उत्पन्नात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्याचा बेत रद्द केला. कारण आठवड्यामागून आठवडे चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने रोखून धरले होते.

इंग्लंडनेही अखेर धडा घेतला. २००२ मध्ये विंबल्डनचा संघ उचलून मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला आणि तळापासून चढत २०२० मध्ये तो आपल्या जुन्या वस्तीत परतला. २०१९ मध्ये ब्लॅकबर्नपासून जवळच्या बरी ह्या गावचा, १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब मालकाच्या दिवाळखोर कारभारामुळे साखळीतून हाकलला गेला. ह्या धक्क्यांतून २०२५ मध्ये संसदेने फुटबॉलच्या कारभाराचा कायदा केला. आता तिथे स्वतंत्र नियामक आहे. क्लबचे बोधचिन्ह किंवा घरचे रंग बदलायचे तर चाहत्यांची संमती घ्यावी लागेल; मैदान विकायचे तर नियामकाची परवानगी लागेल. मालकी मालकाचीच राहिली. पण चाहत्याला गिऱ्हाईकाहून थोडे अधिक काही मानले गेले.

कोल्हापूरची वाट

हे विलायतेचे प्रकार आपल्या मातीत रुजणार नाहीत, असे म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जाऊन यावे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम असे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. तालीम म्हणजे पेठेची कुस्तीची जागा. तिच्याच ओट्यावर फुटबॉलचा संघ उभा राहिला. त्याचा खर्च पेठेच्या वर्गणीतून, स्थानिक देणगीदारांकडून आणि बक्षिसांच्या रकमेतून चालतो. कोणी एक उद्योगपती रुसला म्हणून पाटाकडील तालीम बंद पडत नाही. कारण ती कोणा एकाची नाहीच. ह्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे जिथे विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीगल्लीत फडकतात, त्या शहरात दूरच्या संघाचे प्रेम आणि आपल्या पेठेचा संघ ह्यांत विरोध आहे असे कोणाला वाटत नाही. देशाभिमानाच्या उपदेशकांना हे उत्तर पुरेसे आहे.

तालमींचे गोडवे गाऊन थांबणे मात्र खरे नव्हे. पेठेची अस्मिता हाणामारीवर उतरते, सामने थांबवावे लागतात. हिशेब उघड असतातच असे नाही. महिलांचा वाटा नगण्य आहे. परंतु पुण्याचे चार उद्योगपती चार वर्षांत जे टिकवू शकले नाहीत, ते कोल्हापूरच्या पेठांनी इतकी वर्षे टिकवून धरले, ही वस्तुस्थिती उरतेच.

ह्यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांसाठी क्रांतीची वाट पाहण्याची गरज नाही. बालेवाडीचे मैदान जनतेच्या पैशाचे आहे. उद्या पुण्यात पाचवा संघ निघाला आणि त्याने हे मैदान मागितले, तर शासनाने काही अटी घालाव्यात. संघाच्या चाहत्यांची नोंदणीकृत संस्था असावी आणि संचालक मंडळावर तिचा निवडलेला प्रतिनिधी असावा. संघाचे नाव, रंग आणि गाव तिच्या संमतीवाचून बदलू नयेत. मालकाला संघ सोडायचा असेल, तर तो दुसऱ्या शहराला देण्यापूर्वी ह्या संस्थेला घेण्याची संधी मिळावी. अकादमीतल्या मुलांच्या शिक्षणाचा आणि निवाऱ्याचा पैसा आधीच वेगळा ठेवलेला असावा, म्हणजे संघ बुडाला तरी मुले बुडणार नाहीत. सार्वजनिक मैदानाचे भाडे नाममात्र ठेवायचे तर त्याचा हा मोबदला जास्त नाही.

शासन हे आपण होऊन करणार नाही. ते मागणारा हवा, आणि तो मागणारा हिंजवडीतच आहे. आकडे वाचण्याची त्याला सवय आहे, संघटितपणे काम करणे हा त्याचा व्यवसाय आहे, आणि आपल्या संघाच्या मालकाचा ताळेबंद त्याने कौतुकास्पद चिकाटीने तपासला आहे. त्याच नजरेने त्याने आपल्या परिसराकडे पाहायचे बाकी आहे. मँचेस्टरमधले अडीचशे कर्मचारी कमी झाले तेव्हा त्याला संताप आला. जुलै २०२५ मध्ये टी. सी. एस. ह्या देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच गाड्यांतून त्याच माणसांचे आवाज खाली गेले. तिथेही तेच सूत्र होते : ज्यांच्या श्रमावर आणि निष्ठेवर संस्था मोठी झाली, त्यांना निर्णयात स्थान नव्हते. ग्लेझरांविषयी बोलताना जी भाषा त्याला सहज सुचते, ती आपल्या कचेरीच्या फाटकापाशी येऊन अडखळते.

म्हणून हिंजवडीच्या ह्या फुटबॉलवेड्याला कोणी गप्प करू नये. त्याने रात्री जागावे, सोमवारी भांडावे, मालकांना खुशाल शिव्या द्याव्यात. फक्त एवढे ओळखावे की जो प्रश्न तो ओल्ड ट्रॅफर्डला उद्देशून विचारतो, त्याचेच उत्तर ब्लॅकबर्नचा चाहता पुण्याकडे मागत आहे, आणि बालेवाडीच्या रिकाम्या पायऱ्याही त्याच उत्तराची वाट पाहत आहेत. प्रेम करणाऱ्यांचे गिऱ्हाईक होते, तिथे पैसे मोजल्यावर त्यांचा हक्क संपतो. तेच सभासद झाले, म्हणजे त्यांच्या हक्काला पैसे मोजल्यावर सुरुवात होते.